लाँग आयलंडवर निवांत राहायचे असेल तर : अंदमानच्या एका दूरच्या बेटाची तयारी, प्रवास आणि मुक्काम

अंदमानला जाऊन आलेल्या बहुतेक मराठी पर्यटकांचा कार्यक्रम साधारण सारखाच असतो. पोर्ट ब्लेअर, सेल्युलर जेल, हॅवलॉक, नील आणि जमल्यास बाराटांग, हे सारे पाच-सहा दिवसांत बसवलेले असते आणि रोज पहाटे उठून नवी बोट किंवा नवी गाडी पकडायची असते. अशा सहलीत समुद्र पुष्कळ दिसतो, पण निवांतपणा मिळत नाही, आणि परतल्यावर अर्धा वेळ जेट्टीवर रांगेत गेल्याची तक्रार उरते. दूरच्या बेटावरची शांतता ही मुख्यतः मोकळ्या दिवसांची गोष्ट आहे. किनारा कितीही देखणा असला, तरी उद्या सकाळची बोट चुकेल की काय ही धास्ती मनात असताना तिथे स्वस्थ बसवत नाही. म्हणून सगळे नियोजन एकाच बेटाभोवती करावे आणि हातात दोन-तीन दिवस जास्तीचे ठेवावेत, ही या लेखामागची भूमिका आहे. मध्य अंदमानातील रंगतजवळचे लाँग आयलंड हे बेट डोळ्यांसमोर ठेवून पुढील माहिती दिली आहे.

बेट कोणते निवडावे

अंदमान-निकोबार समूहात लहानमोठी बेटे, खडक मिळून आठशेहून अधिक आहेत, परंतु कायमची मनुष्यवस्ती असलेली बेटे तीसच्या आसपासच भरतात. निर्जन बेटावर तंबू ठोकून राहण्याची कल्पना मोहक असली, तरी परवानगीशिवाय तसे राहता येत नाही, आणि पिण्याचे पाणी मिळेल की नाही याचीही खात्री नसते. म्हणून जिथे गाव आहे, दोन-चार खोल्या भाड्याने मिळतात आणि जिथे खासगी वेगवान बोटींचा राबता नाही, असे बेट शोधावे. लाँग आयलंड या कसोटीला चांगले उतरते. पोर्ट ब्लेअरच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या या बेटावर एकेकाळी प्लायवूडचा कारखाना होता. तो बंद पडला आणि मागे एक लहानसे गाव, जंगल आणि लालाजी बे नावाचा लांबलचक पांढरा किनारा उरला. गावातले बहुतेक व्यवहार पायी किंवा सायकलवर होतात.

दुसरा पर्याय लिटिल अंदमानचा. हे बेट बरेच मोठे, सुमारे ७०० चौरस किलोमीटरचे आहे. हट बे येथे उतरून स्कूटर भाड्याने घ्यावी लागते, बटलर बेचा किनारा लाटांवर स्वार होणाऱ्यांना ओढून आणतो, आणि जंगलात धबधबे आहेत. मात्र तिथे जाणारी बोट डंकन पॅसेजचा उघडा समुद्र ओलांडून जाते आणि प्रवास सहा ते आठ तासांचा असतो. ज्यांना बोट लागते त्यांनी पहिल्याच खेपेला हे बेट निवडू नये. बेटाचा काही भाग ओंगी या आदिवासींसाठी राखीव असून तिथे पर्यटकांना प्रवेश नाही.

ज्यांच्याकडे जेमतेम पाच दिवस आहेत त्यांनी लाँग आयलंडचा हट्ट धरू नये. त्यापेक्षा नील, म्हणजे आताचे शहीद द्वीप, हे एकच बेट निवडून सर्व दिवस तिथेच काढावेत. लक्षद्वीपचा विचार करणाऱ्यांनी तिथे बाहेरच्या व्यक्तीला प्रवेशाचा परवाना लागतो हे लक्षात ठेवावे. अंदमानच्या या बेटांसाठी भारतीय नागरिकाला असा परवाना लागत नाही. निकोबारसाठी मात्र लागतो आणि पर्यटनासाठी तो मिळत नाही असेच समजून चालावे.

महिना आणि तिथी

नैऋत्य मोसमी पाऊस केरळला पोहोचण्याआधी, मे महिन्याच्या उत्तरार्धात अंदमानात दाखल होतो. तो ओसरतो न ओसरतो तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस येतो. वर्षभरात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे उठतात, आणि डिसेंबर २०१६ मध्ये अशाच वादळी हवामानामुळे शेकडो पर्यटक हॅवलॉक आणि नील बेटांवर अडकून पडले होते. शेवटी त्यांना बाहेर काढण्यासाठी नौदलाला आणि तटरक्षक दलाला यावे लागले. दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जाण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण निवांत बेटासाठी ती वेळ चुकीची आहे. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत समुद्र सर्वांत शांत असतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी नितळ असते. मुलांच्या शाळेमुळे मे महिनाच मिळत असेल, तर निदान पहिला पंधरवडा गाठावा.

महिना ठरला की भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहावी. कोकणात वाढलेल्या वाचकांना उधाण आणि भांग हे शब्द सांगायला नकोत. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी आणि ओहोटीही मोठी, तर अष्टमीच्या आसपास दोन्ही सौम्य असतात. लाँग आयलंडच्या परिसरात किनाऱ्यालगत प्रवाळाचे खडक आहेत. उधाणाच्या ओहोटीत ते उघडे पडतात आणि पाण्यात उतरणे अवघड होते, डुंग्यांनाही, म्हणजे लहान मोटरबोटींनाही, किनाऱ्यापर्यंत येता येत नाही. पाण्याखाली डोकावण्याची आवड असेल तर मुक्कामाचा मध्य अष्टमीजवळ आणावा. तारे पाहायचे असतील, किंवा काळोख्या रात्री पाण्यात हात फिरवल्यावर उमटणारी निळसर चमक पाहायची असेल, तर अमावस्या साधावी. दोन्ही हवे असेल तर आठवडाभर राहावे. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचे कोकणी गणित मात्र तिथे चालत नाही, कारण भरतीची वेळ प्रत्येक किनाऱ्याला वेगळी असते. पोर्ट ब्लेअरचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे आणि शेवटचा शब्द गावातल्या डुंगीवाल्याचा मानावा.

पोर्ट ब्लेअरचे दोन दिवस आणि तिकिटाची खिडकी

मुंबई-पुण्याहून जाताना बहुधा चेन्नई, बंगळुरू किंवा कोलकाता येथे विमान बदलावे लागते. सप्टेंबर २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचे अधिकृत नाव श्री विजयपुरम असे झाले आहे, तरी लोकांच्या बोलण्यात जुनेच नाव अधिक आहे. पोहोचल्याच्या दिवशी पुढची बोट धरण्याचा बेत आखू नये. विमानाला दोन तास उशीर झाला की बोट जाते, आणि लाँग आयलंडला पुढची बोट रोज असेलच असे नाही.

पहिल्याच दिवशी करायचे महत्त्वाचे काम म्हणजे फिनिक्स बे जेट्टीवर जाऊन सरकारी बोटीची खात्री करून घेणे. बेटांमधली वाहतूक प्रशासनाचे नौवहन संचालनालय चालवते. तिकिटे ऑनलाइनही मिळतात, परंतु वेळापत्रक हवामानानुसार आणि बोटींच्या दुरुस्तीनुसार बदलते. खासगी वेगवान बोटी मुख्यतः हॅवलॉक आणि नीलच्या मार्गावर धावतात, त्यामुळे त्यांच्या संकेतस्थळांवर लाँग आयलंड शोधून उपयोग होत नाही. हॅवलॉकमार्गे लाँग आयलंड आणि रंगतकडे जाणारी सरकारी बोट आठवड्यातले काही दिवसच असते, तो दिवस कळला की बाकीचा सारा आराखडा त्याभोवती बसवावा. प्रशासनाचे ‘द डेली टेलिग्राम्स’ हे दैनिक बोटींच्या वेळा छापते. हॉटेलात मागितल्यास अंक मिळतो.

खिडकीवर ओळखपत्राची प्रत आणि सुटे पैसे घेऊन लवकर जावे. बेटवासीयांना तिकिटांत प्राधान्य असते आणि ते योग्यही आहे, कारण त्या बोटीने कोणी रुग्णालयातून परतत असतो तर कोणी परीक्षेला निघालेला असतो. रांगेत आपल्या पुढे एखादी बाई दोन पोती, एक पंखा आणि औषधांची पिशवी सांभाळत उभी असते आणि आपण पाठीवरची एकच सॅक घेऊन घड्याळ पाहत असतो. अशा वेळी एक बोट सोडून दुसरी धरावी लागली तर वाद घालू नये. हातातले जास्तीचे दिवस अशा वेळीच कामी येतात.

उरलेल्या वेळात सेल्युलर जेल अवश्य पाहावे. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात भुजांपैकी आता तीनच उभ्या आहेत. विनायक दामोदर सावरकर १९११ ते १९२१ या काळात येथे होते, आणि मराठी माणूस ती कोठडी पाहिल्याशिवाय परतत नाही. सकाळी लवकर गेल्यास गर्दी कमी असते. अबर्डीन बाजारातून औषधे, बिस्किटे, मेणबत्त्या आणि टॉर्चच्या बॅटऱ्या घेऊन ठेवाव्यात, कारण पुढे दुकाने लहान आहेत.

समुद्रमार्ग की रस्ता

पोर्ट ब्लेअरहून रंगतपर्यंत अंदमान ट्रंक रोडने बसही जाते. तिथून येराटा जेट्टी गाठली की खारफुटीच्या खाडीतून तासाभरात लहान बोट लाँग आयलंडला पोहोचवते. ही खाडी फार सुंदर आहे. दोन्ही काठांना मुळांचे जाळे पाण्यात उतरलेले दिसते, इंजिनाचा आवाज त्या भिंतींत घुमतो, आणि खाडीचे तोंड ओलांडताच समोर एकदम मोकळा निळा समुद्र येतो. असे असले तरी जाताना समुद्रमार्गच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या थांबवून ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडल्या जातात. वाटेत थांबणे, छायाचित्र काढणे, कोणाला खाणे देणे हे सर्व गुन्हे आहेत. आदिवासी संरक्षणाचा नियम १९५६ पासून लागू आहे. तरीही काही प्रवासी ‘जारवा दिसतील का’ असे चालकाला विचारत असतात. ज्यांनी बाहेरच्या जगाला बोलावलेले नाही अशा माणसांच्या अंगणातून केवळ आपल्या सोयीसाठी जाणे टाळता येत असेल तर टाळावे. बोट रद्द झाली तर परतीचा आधार म्हणून हा मार्ग लक्षात ठेवावा आणि त्या वेळी नियम काटेकोर पाळावेत.

रस्त्याने जाणे भागच पडले आणि महिना डिसेंबर ते फेब्रुवारीतला असला, तर रंगतजवळच्या कथबर्ट बे किनाऱ्यावर रात्री समुद्री कासवे अंडी घालायला येतात. वन विभागाच्या माणसांबरोबरच जावे आणि फ्लॅश किंवा टॉर्च वापरू नये.

सरकारी बोटीत बसताना वारा लागेल अशी डेकवरची जागा पाहावी. बोट लागणाऱ्यांनी उलटीची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने निघण्यापूर्वी अर्धा-एक तास घ्यावी. त्रास सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारशी उपयोगी पडत नाही. नजर क्षितिजावर ठेवावी, मोबाइलवर ठेवू नये. खाण्यासाठी चपाती-भाजी किंवा केळी बरोबर असावीत.

मुक्काम

लाँग आयलंडवर राहण्याच्या जागा मोजक्या आहेत: काही साध्या खासगी खोल्या, झोपड्यांसारखी निवासस्थाने आणि सरकारी विश्रामगृह. फोन करून आधी ठरवावे आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा विचारून घ्यावे. खोली ठरवताना तीन प्रश्न जरूर विचारावेत. पाणी कुठून येते, रात्री वीज जाते का, आणि जनित्र किती अंतरावर आहे. यातला तिसरा प्रश्न अनेकांना सुचत नाही. या बेटांवरची वीज बहुतांशी डिझेलवर तयार होते, आणि वीजघराजवळची किंवा हॉटेलच्या जनित्राला लागून असलेली खोली मिळाली तर समुद्राची गाज ऐकण्याऐवजी रात्रभर धडधड ऐकावी लागते.

जेवण साधे असते. भात, वरण, भाजी आणि मासळीचे कालवण मिळते. अंदमानात फाळणीनंतर आलेले बंगाली, रांचीकडचे, तमिळ, तेलुगू असे अनेक समाज स्थायिक आहेत आणि सर्वांची आपसातली भाषा हिंदी आहे, त्यामुळे बोलण्याची अडचण येत नाही. शाकाहारी मंडळींनी सकाळीच सांगून ठेवावे, कारण भाजी बोटीने येते आणि बोट आली नसेल तर बटाटा आणि डाळीवर भागवावे लागते. दादा, दीदी असे संबोधून बोलणारा पाहुणा दोन दिवसांत गावाला ओळखीचा होतो. चहाच्या टपरीवर बसून ‘उद्या वारा कसा आहे’ हे विचारायला सुरुवात झाली की हवामानाची खात्रीची बातमी आपोआप मिळू लागते.

बेटावरचा दिवस

घड्याळाची सवय येथे मोडावी लागते. अंदमान भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरेच पूर्वेला असल्याने जानेवारीच्या मध्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि सव्वापाचच्या सुमारास मावळतो. त्या दिवसांत मुंबईत सूर्यास्त साधारण तासाभराने होतो. जो नऊ वाजता न्याहारीला उठतो त्याचा निम्मा दिवस गेलेला असतो. पाच वाजता उठावे, सकाळची कामे दहापर्यंत आटोपावीत, दुपारी उन्हात झाडाखाली पडून राहावे आणि अंधार पडल्यावर लवकर झोपावे.

लालाजी बेला दोन वाटांनी जाता येते. गावातून डुंगी ठरवून समुद्रातून, किंवा जंगलवाटेने दीड-दोन तास चालत. पहिल्या दिवशी गावातला माणूस बरोबर घेऊन चालत जावे आणि भाव आधीच ठरवून घ्यावा. वाट उंच झाडांखालून जाते, पाऊस पडून गेला असेल तर जळवा लागतात आणि बूट निसरड्या मुळांवर सरकतात. सावलीतून बाहेर पडल्यावर किनाऱ्याचा पांढरा रंग क्षणभर डोळ्यांना सहन होत नाही. किनाऱ्यालगत समुद्री महुआची झाडे पाण्यावर झुकलेली असतात. त्यांच्या सावलीत बसून पाचेक मिनिटे हालचाल केली नाही, तर वाळूत पडलेले शंख एकेक करून चालू लागतात. प्रत्येकात एक खेकडा असतो. मोठा झाल्यावर तो दुसरा रिकामा शंख शोधतो, आणि चांगल्या शंखासाठी दोघे-तिघे एकमेकांना ढकलताना दिसतात. हे पाहण्यात तास कसा जातो ते कळत नाही.

परतीची वेळ चालायला निघतानाच ठरवावी. जंगलात चारनंतरच अंधारून येऊ लागते, म्हणून दोनच्या सुमारास किनारा सोडणे उत्तम. डुंगीने जाणाऱ्यांनी भरतीची वेळ पाळावी. अन्यथा खडकांवरून गुडघाभर पाण्यात सामान डोक्यावर घेऊन चालावे लागते. एखादा दिवस नॉर्थ पॅसेज बेटावरच्या मर्क बेसाठी ठेवता येईल, पण मुक्काम चार रात्रींपेक्षा कमी असेल तर तो बेत सोडून द्यावा. रोज नवा किनारा पाहू लागलो की पुन्हा सहलीचीच धावपळ सुरू होते.

सावधगिरी

खाऱ्या पाण्यातील मगरी अंदमानात आहेत आणि त्या खाडीपुरत्या मर्यादित नाहीत. २०१० मध्ये हॅवलॉकजवळ एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. खारफुटीजवळ, ओढ्याच्या मुखाशी, तसेच पहाटे आणि संध्याकाळी पाण्यात उतरू नये. सूचनाफलक असेल तर तो शोभेसाठी नाही हे समजावे, आणि फलक नसेल तर गावात विचारावे. एकट्याने पोहायला जाऊ नये.

मगरीपेक्षा रोजचा त्रास देतात त्या वाळूतल्या बारीक माशा. त्या चावल्याचे तेव्हा जाणवत नाही, दुसऱ्या दिवशी घोट्यांवर खाजणारे फोड उठतात. वाळूवर थेट आडवे होऊ नये, चटई वापरावी, पायांना खोबरेल तेल चोपडावे आणि खाजवून जखम करून घेऊ नये. डासांसाठी मच्छरदाणी हवीच. मलेरियाची शक्यता लक्षात घेऊन निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. मोठ्या उपचारांसाठी पोर्ट ब्लेअरच गाठावे लागते, म्हणून हृदयविकार, अनियंत्रित मधुमेह किंवा शेवटच्या महिन्यांतील गर्भारपण असेल तर हे बेट निवडू नये. नेहमीची औषधे आठवड्याभराची जास्त घ्यावीत.

प्रवाळावर पाय देऊ नये. २०१० आणि २०१६ मध्ये पाणी तापल्याने येथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते, आणि जे पुन्हा वाढते आहे ते पायाखाली चुरडायला क्षणही लागत नाही. उन्हापासून बचावासाठी मलमाच्या थरांपेक्षा पूर्ण बाह्यांचा सुती सदरा बरा.

पैसे आणि फोन

रोख रक्कम पोर्ट ब्लेअरहूनच पुरेशी न्यावी. फोनचे म्हणाल तर चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली इंटरनेटची तार ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली आणि तिने जोडलेल्या बेटांत लाँग आयलंडही आहे. म्हणजे ‘तिथे रेंजच नसते’ ही सबब आता पूर्णपणे चालत नाही. कार्यालयाला रजेचे दिवस स्पष्ट सांगून, घरच्यांशी बोलण्याची एक वेळ ठरवून, उरलेला दिवस फोन खोलीतच ठेवावा. संपर्क अधूनमधून तुटतो, त्यामुळे तिकिटे आणि ओळखपत्रे कागदावर छापून न्यावीत.

परतीचा हिशेब

दहा रात्रींचा आराखडा धरला तर सुरुवातीच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरला, पाच रात्री लाँग आयलंडवर, आणि शेवटच्या तीन रात्री मोकळ्या ठेवाव्यात. बोट वेळेवर मिळाली तर यातल्या दोन रात्री बेटावरच वाढवता येतात. परंतु विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच असली पाहिजे, यात सवलत नाही. वारा वाढू लागल्याची कुणकुण लागताच, बोट रद्द होण्याची वाट न पाहता, येराटाच्या लहान बोटीने रंगत गाठावे. तिथून पोर्ट ब्लेअरची बस साधारणतः पहाटे असते, त्यामुळे एक रात्र रंगतला काढावी लागेल.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सामान उलटे करून पाहावे. मुलांच्या खिशांत, ओल्या कपड्यांत, सॅकच्या तळाशी शंख आणि प्रवाळाचे तुकडे सापडतात. प्रवाळ आणि अनेक जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात, मेलेला तुकडाही नेता येत नाही, आणि वीर सावरकर विमानतळावर सामान तपासताना तो यंत्रात दिसतो. सापडलेले सगळे किनाऱ्यावर नेऊन भरतीच्या रेषेजवळ ठेवून यावे.